भट्टीवाचून नाताळचा फराळ
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पाटी-पेन्सिल जरा बाजूला ठेवा. आज मी तुम्हाला खाण्याची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर खडू धरला, आता उलथणे धरले की काय! तसेच समजा. नाताळ पंधरा दिवसांवर आला आहे. आपल्या वर्गात ख्रिस्ती घरच्या चार-पाच जणी आहेत. बाकीच्यांच्या घरी नाताळ नसेल, पण पाठोपाठ संक्रांत आहे आणि लेकरे तर सगळ्यांच्याच घरी आहेत. म्हणून सगळ्यांनीच ऐकावे.

आपला आष्टी तालुका नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अगदी लागून आहे. त्या नगरात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केले. पुढे आसपासच्या खेड्यांतून ख्रिस्ती वस्त्या झाल्या. डिसेंबर लागला की त्या घरांवर कागदाची चांदणी टांगतात. आत दिवा लावतात. लांबून फार चांगली दिसते.

पण आपल्या जिल्ह्यात नाताळ येतो तो अवघड वेळी. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारी आणि लेकरे. म्हणजे २५ डिसेंबरला आई-बाप उसाच्या फडात आणि लेकरू गावात.

असेच एक घर माझ्या शेजारी आहे. घरात आजी आणि नात. त्या आजीला सगळे गाव मावशी म्हणते. ती आज याच वर्गात मागे बसली आहे. तिला विचारूनच सांगतो आहे.

गोष्ट २०१९ सालची. मावशीचा मुलगा आणि सून कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर गेले होते. नात होती सात वर्षांची. शाळेत कोणीतरी तिला सांगितले की नाताळला केक लागतोच. झाले! पोरगी आठ दिवस केक, केक करीत होती. मावशी म्हणे, ‘कुठून आणू बाई केक?’ मला राहवले नाही. चोवीस तारखेला मी तालुक्याला गेलो आणि एका दुकानातून खोक्यातला केक घेतला. दीडशे रुपये दिले. मोठ्या ऐटीत मावशीच्या ओट्यावर ठेवला.

पोरीने खोके उघडले. मावशीने केक उचलून खालून पाहिला आणि म्हणाली, ‘गुरुजी, हे हिरवं कशाचं हाय?’

बुरशी होती. खोक्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर लिहिले होते, २ डिसेंबरला बनवला, १५ दिवसांच्या आत खावा. म्हणजे १७ तारखेला मुदत संपली होती. सात दिवस वर झाले होते. मावशी म्हणाली, ‘सगळ्या गावाला वाचायला शिकवलंत, अन् चिठ्ठी वाचली न्हाई व्हय?’

काय बोलणार? त्या वेळी तिला अक्षर येत नव्हते. मला येत होते, पण मी वाचले नाही. आता ती वाचते आणि मला परीक्षेला बसवते.

पोरगी रडायला लागली. मावशी उठली. पत्र्याच्या डब्यात घरचे शेंगदाणे होते, ऑक्टोबरात काढलेले. फडताळात गूळ होता. तिने चूल पेटवली, शेंगदाणे भाजले, खलबत्ता काढला. नातीला म्हणाली, ‘रडू नगं, टरफलं काढ.’ तासाभरात परातीत लाडू झाले. पोरगी कुटता कुटता अर्धे मिश्रण खाऊन बसली. रडणे कुठल्या कुठे गेले.

लाडू झाले पंचवीस. दहा घरात ठेवले. पंधरा स्टीलच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावले. मुकादमाचा माणूस परवाच्या दिवशी टोळीकडे जाणार होता, त्याच्याजवळ डबा दिला. त्या डब्याची हकीकत पुढे सांगतो. आधी कृती सांगतो, कारण आज तुमच्याकडून करून घ्यायची आहे.

अर्धा किलो शेंगदाणे घ्या आणि आधी निवडा. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी आलेले, चवीला कडू असे दाणे फेकून द्या. दोन-चार दाण्यांनी काय होते, असे म्हणू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष असते आणि ते भाजून पुरते जात नाही. मग मंद आचेवर भाजा. घाई केली तर वरून करपतात, आतून कच्चे राहतात. गार झाले की चोळून टरफले पाखडून टाका. पाव किलो गूळ किसून किंवा बारीक चिरून घ्या. गोड जास्त आवडत असेल तर मूठभर वाढवा. फार पिवळाधमक गूळ पाहून भुलू नका. गुळाचा रंग उजळावा म्हणून त्यात कधी कधी हायड्रोस नावाची पूड घालतात. जरा काळसर गूळ असला तरी चालतो.

आता दाणे भरड कुटा, मग गूळ घालून पुन्हा कुटा. कुटता कुटता शेंगदाण्याला तेल सुटते. मिश्रण हाताला चिकट लागू लागते. मुठीत दाबले की मूठ उमटते. तेव्हा समजावे, लाडू वळायला आले. वेलदोड्याची पूड असली तर घाला, नसली तर राहू द्या. लिंबाएवढे लाडू वळा. तूप नको, पाक नको, पाणी तर थेंबभरही नको. मिक्सर असेल त्यांनी थांबून थांबून फिरवावा. एकसारखा फिरवला तर त्याचा गोळाच होतो.

पाणी का नको? बुरशीला ओल लागते. केकमध्ये ओल असते, म्हणून तो थोडे दिवस टिकतो. या लाडवात ओल नाही. थंडीच्या दिवसांत कोरड्या डब्यात पंधरा दिवस सहज राहतात. फक्त ओला हात डब्यात घालायचा नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, हा तर आपला नेहमीचा लाडू. यात नाताळचे काय? बरोबर विचारले. केक म्हणजेच नाताळ असे आपल्या मनात बसले आहे. पण केक आपल्या देशात फार जुना नाही. केरळात तेलिचेरी म्हणून गाव आहे. तिथे १८८३ साली माम्बळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने आपल्या देशातला पहिला नाताळचा केक भाजला, असे सांगतात. बरे, इंग्रजांचे तरी सगळे भट्टीतच होते का? नाही. नाताळच्या जेवणात ते पुडिंग नावाचा काळसर गोड पदार्थ खातात. त्यात मनुका, पीठ, अंडी आणि चरबी असते. ते भांड्यात भरून तासन् तास वाफवतात. पूर्वी तर फडक्यात बांधून पाण्यात उकळत. आपण उकडीचे करतो ना, तशातलाच प्रकार.

गोव्यात जा. तिथले ख्रिस्ती लोक नाताळला नेवऱ्या करतात, म्हणजे आपल्या करंज्याच. दोदोल करतात. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ कढईत घालून चुलीवर घोटत बसतात. हात भरून येतात, पण भट्टी लागत नाही. आपल्याकडची मराठी ख्रिस्ती घरेही नाताळला करंजी, शंकरपाळी, चकलीच करतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी येशूची गाणी अभंगात आणि देशी चालीत लिहिली. नगर भागात त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. नाताळचे गाणे टाळ-मृदंगावर चालते, मग नाताळचा लाडू खलबत्त्यात कुटला तर काय बिघडले?

पण लेकरांना नवे काहीतरी लागते, हेही खरे. रंग वेगळा, आकार वेगळा असला की त्यांना आवडते. म्हणून आणखी दोन प्रकार सांगतो.

एक खजुराचा. येशूच्या देशात यरीहो नावाचे गाव आहे, ते खजुरीच्या झाडांबद्दल फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पाव किलो खजूर घेऊन बिया काढा. एकेक उघडून पाहा, आत कधी किडा असतो. कढईत चमचाभर तूप घालून मंद आचेवर खजूर उलथण्याने दाबत राहा. पाच-सात मिनिटांत मऊ गोळा होतो. त्यात अर्धी वाटी शेंगदाण्याचा भरड कूट मिसळा. काजू-बदाम असतील त्यांनी तेही घालावेत, नसतील तर अडत नाही. कोमट असतानाच ताटावर हाताने लाटण्याएवढा लांब रूळ करा. भाजलेले तीळ पसरून त्यात घोळवा. पुरता गार झाल्यावर सुरीने चकत्या कापा. गरम असताना कापल्या तर चुरा होतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे. वरून साखर लागत नाही. पण ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी भुलू नये. खजूरही गोडच असतो.

दुसरा बिस्किटांचा. हा मुलींनी करावा, कारण यात विस्तव लागत नाही. फक्त दूध आधी तापवून गार केलेले हवे. मारी बिस्किटे २०० ग्रॅम घेऊन वरवंट्याने बारीक करा. त्यात अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, तीन चमचे पिठीसाखर आणि दोन चमचे पातळ तूप घाला. कोको पावडर मिळाली तर दोन चमचे, म्हणजे चॉकलेटचा रंग येतो. मग दूध घालायचे, पण चमच्या-चमच्यानेच. वाटीने ओतले की लाडवाची खीर होते! गोळे वळून उरलेल्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. पांढरेशुभ्र दिसतात. विलायतेत नाताळला बर्फ पडते म्हणतात, लेकरांना सांगा हे आपले बर्फाचे गोळे. मात्र यात दूध आहे. त्याच दिवशी संपवावेत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे डब्यात घालून फडावर पाठवायचे नाहीत.

आणि पुडा विकत घेताना काय कराल? वाचाल! वजन वाचा, किंमत वाचा, तारीख वाचा. तारीख बहुधा इंग्रजी आकड्यांत असते, ते आकडे आपण मागच्या महिन्यात शिकलो. काही पुड्यांवर मुदतीची तारीखच असते. काहींवर बनवल्याची तारीख असते आणि पुढे ‘सहा महिन्यांच्या आत’ असे असते. मग बोटांवर मोजायचे. जूनमध्ये बनवला आणि मुदत सहा महिने, तर डिसेंबरपर्यंत चालेल. मे महिन्यातला असला तर परत द्या. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. खाण्याच्या पुड्यावर परवान्याचा चौदा आकड्यांचा नंबरही असतो, तो आहे का ते पाहा. शाकाहारी मालावर हिरवा ठिपका असतो.

एक राहिलेच. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. लाडू द्यायचा तर बारीक कुटलेला, फोडून, आणि लेकरू बसलेले असताना. पळत पळत खाऊ देऊ नका.

आता त्या डब्याची हकीकत. डबा टोळीवर पोचायला चार-पाच दिवस लागले. वाटेत माणसाने दुसरीकडे मुक्काम केला. मावशीला घोर लागला की लाडू खराब झाले असतील. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी २०२० ला, संध्याकाळी माझ्या फोनवर तिच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, ‘आई, लाडू पोचले. चांगले हायेत. कोपीतल्या समद्यांना एकेक दिला. तीन ऱ्हायलेत. उद्या फडात नेतो, दुपारी भूक लागती तवा खाऊ.’ पोरीने आजीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि विचारले, ‘मम्मीनं खाल्ला का? मी कुटलाय त्यो.’ तिकडून आई बोलायला लागली तेव्हा मी उठून अंगणात गेलो.

तेव्हापासून दर नाताळला मावशीचा डबा जातो. आता तो तीस लाडवांचा झाला आहे, कारण शेजारच्या कोपीतली लेकरे आधीच वाट पाहतात. यंदा डब्यावर मावशी स्वतःच्या हाताने मुलाचे नाव लिहिणार आहे.

हे पाहा, दोन किलो शेंगदाणे मी घरून निवडून, भाजून आणले आहेत. किलोभर गूळ या कागदात आहे. तो सगळाच लागतो का, की थोडा उरतो, याचा हिशेब ज्यांनी कृती नीट ऐकली त्यांनी फळ्यावर मांडावा. मावशी, खलबत्ता पुढे घ्या. बाकीच्यांनी आधी हात धुऊन, पुसून या.