संरक्षण शेतकऱ्याचे की शेतजमिनीचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाटाघाटींत यंत्रे आणि रसायने यांवरील जकातीबाबत श्रीमंत राष्ट्रांचे लवकर जमते. गाडी अडते ती गहू, दूध, साखर आणि मांस यांपाशी. डिसेंबर १९९० मध्ये ब्रुसेल्स येथे उरुग्वे फेरीच्या समारोपासाठी भरलेली परिषद याच कारणाने मोडली. आत मंत्री वाद घालीत होते आणि बाहेर युरोपभरातून आलेले हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले होते. तिसऱ्या जगाला मुक्त व्यापाराचे पाठ देणाऱ्या राष्ट्रांनी स्वतःच्या शेतीभोवती एवढी उंच भिंत का बांधली, तिच्या आत कोणाचे भले झाले आणि बाहेर कोणाला झळ पोहोचली, हे समाजवादी कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. युरोपचा शेतीविषयक आग्रह केवळ ढोंगातून जन्मलेला नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडसारख्या प्रगत देशात माणसे अन्नावाचून मेली. ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग युद्ध संपल्यानंतरही १९५४ पर्यंत चालू होते. ज्या पिढीने ही उपासमार पाहिली, तिनेच १९५७ चा रोमचा करार केला. अन्नाचा पुरवठा निश्चित असावा, शेतकरी समाजाला न्याय्य राहणीमान मिळावे आणि ग्राहकाला वाजवी भावात अन्न मिळावे, ही उद्दिष्टे त्या करारातच लिहिली गेली. अन्नाच्या बाबतीत परावलंबी राष्ट्राचे स्वातंत्र्य अपुरे असते, हा विचार भारतीय समाजवाद्यांना परका वाटण्याचे कारण नाही.

१९६२ पासून आकाराला आलेल्या सामायिक कृषिधोरणाची रचना तीन खांबांवर उभी होती. बाहेरून येणारा गहू कितीही स्वस्त असो, बंदरावर त्याच्यावर अशी कमीजास्त होणारी पट्टी बसे की आतल्या ठरावीक भावाखाली तो विकताच येऊ नये. आतला भाव नेमलेल्या पातळीखाली घसरला, तर सरकारी यंत्रणा तो माल विकत घेई. आणि जो माल घरात खपत नसे, त्याच्या निर्यातीसाठी आतला भाव व जागतिक भाव यांतील फरक समुदायाच्या तिजोरीतून निर्यातदाराला दिला जाई. गॅट करारात या रचनेला वाट मिळाली, कारण वाट आधीच पाडली गेली होती. अमेरिकेने १९५५ साली आपल्या शेतमालाच्या आयातबंधनांसाठी गॅटकडून खास सवलत मिळविली होती. शेतीला मुक्त व्यापाराच्या नियमांतून वगळण्याचा पायंडा अशा रीतीने मुक्त व्यापाराच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यानेच पाडला.

दोष संरक्षणाच्या कल्पनेत नव्हता; तो संरक्षणाच्या मापात होता. आधार मिळे तो क्विंटलमागे. ज्याचे क्विंटल अधिक, त्याचा लाभ अधिक. पॅरिसभोवतीच्या सपाट, सुपीक जमिनीवरील शेकडो हेक्टरांचा धनी आणि डोंगराळ भागातील दहा-बारा गाईंचा कुणबी यांना भाव एकच मिळत होता, पण पैसा मात्र पहिल्याच्या घरी जात होता. हे धोरण उभे करणारे सिक्को मान्सहोल्ट स्वतः डच मजूर पक्षाचे आणि मूळचे शेतकरी. केवळ भाव वाढवून लहान शेतकरी तरणार नाही, हे त्यांनी १९६८ च्या आपल्या योजनेत उघड सांगितले. परंतु त्यांनी सुचविलेला उपाय कठोर होता : सुमारे ५० लाख माणसांनी शेती सोडावी आणि उरलेल्यांच्या जमिनी मोठ्या व्हाव्यात. मार्च १९७१ मध्ये ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर त्याविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली. योजना बारगळली, माणसे मात्र शेतीतून जातच राहिली. फरक एवढाच की त्यांना घालविण्याचे काम योजनेऐवजी बाजाराने केले.

भावाची हमी आणि उत्पादनाला मर्यादा नाही, याचा परिणाम व्हायचा तोच झाला. लोण्याचे डोंगर आणि वाइनची तळी हे शब्द युरोपच्या वृत्तपत्रांत रूढ झाले. १९८४ मध्ये दुधावर कोटा बसविणे भाग पडले. तोवर साचलेला माल अनुदान देऊन जगाच्या बाजारात लोटला जात होता. युरोपचे गोठविलेले गोमांस पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील शहरांत इतक्या कमी भावाने उतरले, की माली आणि बुर्किना फासो येथील पशुपालकांची शेकडो मैल चालत आणलेली जनावरे बाजारात मागे पडली. जमैकाने जागतिक बँकेच्या कर्जाच्या अटींखाली आयातीवरील बंधने सैल केली आणि १९९० च्या दशकात युरोपच्या अनुदानित दूधभुकटीने तेथील गवळ्यांचे कंबरडे मोडले. युरोपच्या शेतकऱ्याला संरक्षण हवे होते हे खरे. पण मालीच्या पशुपालकाने त्याचे काय वाकडे केले होते?

याच भुकटीची दुसरी कथा भारतात घडली. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धमहापूर योजनेत युरोपीय समुदायाची दूधभुकटी आणि बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत देणगी म्हणून आले. तो माल आयात-व्यापाऱ्यांच्या हाती गेला असता, तर येथील गवळ्यांची गतही जमैकासारखीच झाली असती. तसे घडले नाही. तो माल सार्वजनिक यंत्रणेच्या हाती राहिला. त्यापासून तयार केलेले दूध मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथे विकून आलेला पैसा सहकारी दूधसंघांच्या उभारणीस लागला. त्या योजनेवरही टीका झाली आणि तिच्यातील काही योग्यही होती. तथापि एक धडा निर्विवाद आहे. परक्या देशाचा अतिरिक्त माल शाप ठरतो की भांडवल, हे त्याची किल्ली कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते.

आता पुन्हा वाटाघाटींच्या टेबलाकडे वळू. ब्रुसेल्सची परिषद मोडल्यावर युरोपचे कृषी आयुक्त रे मॅकशॅरी यांनी १९९१ साली सुधारणेचा प्रस्ताव मांडला. एकूण साहाय्यापैकी सुमारे ८० टक्के साहाय्य केवळ २० टक्के शेतांकडे जाते, ही कबुली त्या वेळी खुद्द युरोपीय आयोगाच्या कागदपत्रांत आली. धान्याचे भाव उतरवावेत, नुकसानभरपाई थेट शेतकऱ्याला द्यावी आणि ती देताना लहान शेतकऱ्याला झुकते माप द्यावे, असा मूळ प्रस्ताव होता. मे १९९२ मध्ये सुधारणा मंजूर झाली. धान्याचे आधारभाव सुमारे ३० टक्क्यांनी उतरले, भरपाईही ठरली. गळाले ते लहान शेतकऱ्याचे झुकते माप. मोठ्या शेतांची संख्या जेथे अधिक, त्या राष्ट्रांनी, विशेषतः ब्रिटनने, त्याला विरोध केला होता. क्विंटलची जागा हेक्टरने घेतली. ज्याची जमीन अधिक, त्याची भरपाई अधिक.

त्यापुढची पायरी जिनीव्हाची. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिका आणि युरोप यांनी ब्लेअर हाऊस येथे आपसांत तडजोड केली आणि एप्रिल १९९४ मध्ये माराकेश येथे इतर राष्ट्रांनी तिच्यावर सह्या केल्या. उत्पादनावर मर्यादा घालून दिलेली हेक्टरी भरपाई 'निळ्या पेटी'त गेली आणि कपातीतून सुटली. २००३ च्या सुधारणेने बहुतेक साहाय्य उत्पादनापासून अलग केले आणि ते 'हिरव्या पेटी'त जाऊन बसले. त्याला मर्यादाच नाही. पैसा तोच, घेणारा तोच. पेटीचा रंग तेवढा बदलला. याउलट भारतासारखे राष्ट्र शिधावाटपासाठी हमीभावाने धान्य घेते, तेव्हा त्या भावाची तुलना १९८६-८८ च्या गोठविलेल्या भावाशी केली जाते आणि १० टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचा आरोप होतो. डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे या प्रश्नावर मिळाली ती तात्पुरती सवलत. निर्यात अनुदाने पूर्णपणे बंद करण्याचे मान्य होण्यास डिसेंबर २०१५ ची नैरोबी परिषद उजाडावी लागली.

महाराष्ट्रात डंकेल मसुद्यावरून झालेला वाद अनेकांना स्मरत असेल. श्रीमंत राष्ट्रांची अनुदाने घटतील, जगात भाव चढतील आणि भारतीय शेतकऱ्याला बाजार खुला होईल, ही शरद जोशी यांची मांडणी होती. भारतीय शेतकऱ्याला सरकारी धोरणाने लुटले, हे त्यांचे निदान समाजवाद्यांनी गंभीरपणे घ्यायला हवे होते. मात्र अनुदाने घटतील ही अपेक्षा फोल ठरली, कारण ती घटविण्याचे नियम लिहिणारे आणि अनुदाने देणारे एकच होते.

मग एवढ्या संरक्षणानंतर युरोपचा लहान शेतकरी तरी वाचला काय? २००५ ते २०२० या १५ वर्षांत युरोपीय संघातील शेतांची संख्या सुमारे ५३ लाखांनी, म्हणजे ३७ टक्क्यांनी घटली. नाहीशी झालेली बहुतेक शेते लहान होती. संरक्षण लाभले ते शेतजमिनीला, शेतकरी गेला.

हाच शेतकरी आता मर्कोसुर कराराविरुद्ध ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतो. ब्राझील, अर्जेंटिना आदी राष्ट्रांशी चाललेल्या वाटाघाटी पाव शतक रेंगाळून डिसेंबर २०२४ मध्ये मॉन्टेव्हिडिओ येथे पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. युरोपने ९९ हजार टन गोमांस अल्प जकातीने घेण्याचे मान्य केले. त्या बदल्यात युरोपच्या मोटारींवरील ३५ टक्क्यांची जकात त्या राष्ट्रांनी टप्प्याटप्प्याने उतरवावयाची आहे. मोटार-कारखानदाराचा नफा आणि गोपालकाचा तोटा एकाच कागदावर लिहिला गेला. जी कीटकनाशके युरोपात वापरण्यास बंदी आहे, ती वापरून पिकविलेला माल आपल्या बाजारात येऊ नये, ही तेथील शेतकऱ्यांची मागणी रास्त आहे. ब्राझीलमध्येही या निर्यातीचा लाभ प्रामुख्याने मांस-कंपन्यांना आणि मोठ्या जमीनदारांना होईल. तेथील भूमिहीनाच्या पदरात फारसे पडणार नाही.

म्हणून या प्रश्नाकडे युरोप विरुद्ध भारत एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे आहे. १९९३ साली बेल्जियममधील मॉन्स येथे स्थापन झालेल्या 'व्हिया कॅम्पेसिना' या शेतकरी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय चळवळीने अन्न-सार्वभौमत्वाची कल्पना मांडली, ती याच जाणिवेतून. प्रत्येक समाजाला आपले अन्न आणि आपला शेतकरी राखण्याचा हक्क आहे. आपला अतिरिक्त माल पडत्या भावाने दुसऱ्याच्या दारात ओतण्याचा हक्क कोणालाही नाही.

युरोपीय संघाशी २००७ साली सुरू झालेल्या, २०१३ साली थांबलेल्या आणि २०२२ साली पुन्हा हाती घेतलेल्या वाटाघाटींत भारताने दुग्धव्यवसायाला संरक्षण मागितले, ते योग्यच होते. परंतु युरोपचा अनुभव सांगतो की सीमेवरची भिंत ही अर्धीच लढाई आहे. साहाय्य सातबाऱ्यावरील नावाला मिळणार की प्रत्यक्ष कसणाऱ्याला, कुळाला आणि शेतमजुराला, हा प्रश्न दिल्लीत आणि मुंबईत सोडवायचा आहे. कोणताही व्यापार-करार समोर आला, की कार्यकर्त्याने गावच्या सभेत तीन प्रश्न विचारावेत : संरक्षण कशाच्या मापाने मोजले आहे? त्याच्या मोबदल्यात कोणत्या कारखानदाराला काय मिळाले? आणि आपल्या संरक्षणाचा भार परक्या देशातील कोणत्या गरिबावर पडणार आहे? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याखेरीज कराराला पाठिंबा देऊ नये आणि विरोधही करू नये.