युद्ध संपलेल्या देशातील प्रवासी
(धायरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धायरीसारख्या उपनगरातूनही आज अनेक कुटुंबे श्रीलंकेच्या सहलीला जातात. कँडीचे दंतमंदिर, सिगिरियाचा खडक, नुवारा एलियाजवळचे सीतेचे मंदिर आणि भोवतालचे चहाचे मळे पाहून ती परततात. त्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या तमिळ मजुरांपैकी बहुसंख्यांना 1948 च्या कायद्याने नागरिकत्व नाकारले गेले, आणि 1964 साली शास्त्री व सिरिमाओ बंदरनायके यांनी त्यांना न विचारता दोन देशांत त्यांची वाटणी केली, हे मात्र सहलीत कोणी सांगत नाही. निसर्ग दिसतो, माणूस दिसत नाही.

याला पर्याय म्हणून दहाबारा जणांच्या अभ्यासप्रवासाची कल्पना पुढे येते. मे 2009 मध्ये युद्ध संपल्यानंतर उत्तरेचा भाग प्रवाशांना हळूहळू खुला झाला. 2014 पासून जाफन्यापर्यंत रेल्वेही पुन्हा धावू लागली. चाळीस माणसांची बस कोणाच्या ओसरीवर बसू शकत नाही. दहा माणसे बसू शकतात. लहान गटाचे खरे महत्त्व एवढेच. परंतु ओसरीवर बसून काय ऐकायचे, याची तयारी नसेल तर हीदेखील एक महागडी करमणूकच ठरेल.

जाफन्याचे ग्रंथालय घ्या. 1981 च्या मे-जूनच्या संधिकाळात ते जाळले गेले आणि सुमारे 97,000 ग्रंथ व हस्तलिखिते भस्मसात झाली. इमारत पुन्हा उभी राहिली; जळालेली ताडपत्रे परत आली नाहीत. या आगीची ठिणगी शोधत मागे गेले की 1956 चा ‘केवळ सिंहली’ कायदा लागतो. त्याच वर्षी भारतात भाषावार राज्यरचनेचा कायदा झाला. एका देशाने भाषेला जागा देऊन आपली एकता टिकवली, दुसऱ्याने भाषेला दाराबाहेर ठेवून ती गमावली. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्या मराठी माणसाला हा धडा समजायला अवघड नाही. मात्र परभाषक मजुराशी महाराष्ट्रात कसे वागले जाते, हा प्रश्नही त्याच धड्याच्या पोटात आहे.

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. धायरीपासून जवळच, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले कितीतरी अधिकारी 1987 ते 1990 या काळात शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. त्या मोहिमेत सुमारे 1,200 भारतीय जवान मरण पावले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पलालीच्या स्मारकापुढे भारतीय प्रवासी नतमस्तक होतो, ते योग्यच. पण त्याच जाफन्यातील रुग्णालयात ऑक्टोबर 1987 मध्ये भारतीय सैनिकांच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका बळी पडल्या. लष्कराने ती चकमक म्हटली, वाचलेल्यांनी हत्या म्हटली. स्मारकापर्यंत जाऊन रुग्णालयापुढून मुकाट्याने निघून जाणारा प्रवास राजकीय शिक्षण देत नाही. तो फक्त जुना अभिमान ताजा करून आणतो.

पीडितांची बाजूही एकरंगी नाही. 1990 साली तमिळ वाघांनी उत्तरेतील हजारो मुसलमानांना घरे सोडायला लावले. त्यांची भाषाही तमिळच होती. अन्यायाविरुद्ध उठलेली बंदूक आपल्याच शेजाऱ्याकडे कशी वळते, हे त्यांच्या रिकाम्या घरांनी दाखवले.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. किलिनोच्चीत 2017 पासून बेपत्ता मुलांच्या माता न्याय मागत आहेत. पाहुणा आठ दिवसांत परततो; बोलणारी बाई तिथेच, पहाऱ्याच्या नजरेखाली राहते. तिने आपणहून सांगितले तर ऐकावे. तिचे अश्रू प्रवासाच्या दरात धरलेले नाहीत. छायाचित्राआधी तिची संमती, आणि ती नाही म्हणाली तर मौन.

दुसऱ्याच्या देशातील जखम पाहून जो फक्त हळहळतो, तो प्रेक्षक. जो परत येऊन आपल्या देशातील, आपल्या गल्लीतील अन्यायाकडे अधिक स्वच्छ नजरेने पाहू लागतो, तो प्रवासी. धायरीहून निघणाऱ्या प्रत्येक गटाने सामान बांधण्यापूर्वी ठरवावे, आपण यांपैकी कोण होऊन परतणार आहोत.