रुमालाखालचा हात
(नभोवाणीवरील भाषण)

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथं बैलाची पारख उघड्यावर चालते. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं. आदत आहे, चार दाती आहे की जुळलाय ते ठरवतं. खूर बघतं, शिंगं बघतं, भोवरा कुठं आहे ते बघतं, चार पावलं चालवून दाखवा म्हणतं. भोवती उभे असलेले दहाजण न विचारता मत देतात. पण किमतीची वेळ आली, की दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो आणि त्याखाली समोरच्याचा हात धरतो. एक बोट दाबलं तर एक, पंजा धरला तर पाच. शेकड्यात की हजारात, हे दोघांना जनावर बघूनच ठाऊक. तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चालू.

फळबाजारात हीच रीत ‘हत्ता’ म्हणून चालत आली. आपल्याच मालाचा भाव शेतकऱ्याला कळेना, म्हणून बाजार समित्यांत उघड लिलावाचा नियम आला. तो आला हे बरंच झालं. पण आज मला सांगायचंय ते वेगळंच. रुमालानं हात झाकतो, तोंड कसं झाकणार? बघे तोंडाकडेच बघत असतात. म्हणून मुरलेला दलाल चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाही. विकणारा हात झटकून सोडवतो, ‘नाही जमायचं’ म्हणतो आणि तरातरा चालू लागतो. जाणकार तेव्हा गालात हसतात. गडी निघाला खरा, पण बैलाचं दावं मागंच ठेवून निघालाय!

अशीच जोखाजोखी नारायणगावला चालते. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या गावची ही तमाशापंढरी. बोर्डावर उभं राहून हजारोंच्या नजरा वाचणाऱ्यांना पाचजणांची कमिटी वाचायला कितीसा वेळ लागणार? राहुटीत बोलणारा एक असतो, बहुधा मोठ्या आवाजाचा. पण आकडा निघाला, की बाकीचे नकळत ज्याच्याकडे बघतात, तो खरा कारभारी. तो कडेला बसून बशीतला चहा फुंकत असतो. फडाचा मॅनेजर पुढचं बोलणं त्याच्याशी करतो.

हे अंदाज इतके नेमके का येतात? दोन्ही बाजूंना खेळाचे नियम पाठ असतात, हे एक. आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटणारं कारण असं, की अंदाज चुकला तर भुर्दंड अंदाज करणाऱ्यालाच पडतो. त्यामुळे तो डोळ्यांत तेल घालून बघतो.

बाजाराबाहेर मात्र, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत, एक आकडा हमखास ऐकवतात. माणसाचा माणसावर प्रभाव पडतो त्यात शब्दांचा वाटा म्हणे ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे खरं असतं तर आकाशवाणीला कधीच टाळं लागलं असतं! अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ सालचे ते अमेरिकेतले प्रयोग सुट्या शब्दांचे होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढ्यापुरतेच. शिबिरवाल्यांनी ते साऱ्या जगाला लावून टाकले.

दुसरा एक आकडा मात्र कुणी ऐकवत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये कितीतरी प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे बघून-ऐकून ओळखण्यात माणसं शंभरात सुमारे ५४ वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तरी ५० येतात. आणि आपण किती सहज म्हणतो, ‘नजर चुकवतोय, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय!’

आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या कुशीतल्या गावांतून महादेव कोळी, ठाकर समाजाच्या बाया दाखल्यासाठी, कर्जासाठी खाली कचेरीत, बँकेत येतात. चपला दाराबाहेर काढतात, पदर सावरून भिंतीलगत उभ्या राहतात. विचारलं तर मान हलवतात, नजर जमिनीवर. मोठ्या माणसापुढं डोळे वर करायचे नाहीत, ही घरची शिकवण. टेबलापलीकडे त्याचा अर्थ लागतो, ‘हिला काही कळत नाही.’ इथं अंदाज चुकला तर साहेबांचं काहीच जात नाही. बाईचा हेलपाटा होतो, दिवसाची मजुरी बुडते.

याच बाईला बाळहिरडा विकताना बघा. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर हिरडा उचलतो, तळहातावर खुळखुळवतो, तोंड वाकडं करतो आणि मूठ परत पोत्यात सोडतो. एक शब्द न बोलता भाव पाडला. बाईही काही बोलत नाही. ती खाली वाकते आणि पोत्याचं तोंड बांधायला घेते. सुतळीचा पहिला वेढा पडेपर्यंत थांबते, दुसरा सावकाश घालते. ‘बरं मावशी, बोला,’ व्यापारी म्हणतो. तिला काही कळत नाही, असं त्याला कधीच वाटलेलं नसतं. ते त्याला परवडणारं नसतं.

खिडकीमागं, टेबलामागं बसणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. तिला आधी बसायला खुर्ची द्या. कागद तिच्याकडे वळवून ठेवा, आणि विचारलेला प्रश्न सावकाश आणखी एकदा विचारा. ती बोलल्यावर मग काय ते ठरवा.