शोधयंत्रांच्या दारी म्हैसूरची मराठी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आजचा विषय ठरविताना मंडळातील तरुण सभासदांचा उत्साह चालकांच्या डोळ्यांसमोर असावा. नवे शोधयंत्र निघाले की ही मंडळी त्याच दिवशी ते चालवून पाहतात आणि संगीतातल्या घराण्यांवरून वाद घालावा तशी आपापल्या यंत्राची बाजू लढवितात. मला हा छंद आवडतो. १९९५ साली आलेल्या अल्टाव्हिस्टाचेही असेच चाहते होते. २०१३ मध्ये ते बंद पडले. २००६ साली शेजारच्या बंगळूरात निघालेले ‘गुरुजी’ तर आज कित्येकांना आठवतही नसेल.

परंतु या चुरशीत एक प्रश्न क्वचितच निघतो : यंत्राची परीक्षा घेतली ती कोणत्या भाषेत? इंग्रजीत पहिले आलेले साधन मराठीत अडखळते, आणि त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलची मूळ युक्ती अशी की, ज्या पानाकडे इतर अनेक पाने बोट दाखवितात ते वजनदार मानावे. मराठीत मुळात पाने थोडी, एकमेकांकडे बोट दाखविणारी त्याहून थोडी. मग वजन करावे कशाने? त्यात आपली विभक्ती. ‘म्हैसूरला’ आणि ‘म्हैसुरात’ ही एकाच नावाची रूपे आहेत हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळते, यंत्राला ते शिकवावे लागते. जुन्या मराठी संकेतस्थळांचे दुखणे आणखी निराळे होते. युनिकोड रुळण्यापूर्वी ज्याचा त्याचा फाँट वेगळा असे. डोळ्यांना मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हांची निरर्थक रांग! असा मजकूर शोधून सापडणार तरी कसा?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि खेळाचे रूप पालटले. आता यंत्र पानांची यादी देऊन थांबत नाही, स्वतःच उत्तर रचून देते, आणि ते अस्खलित असते. येथे सावध राहिले पाहिजे. आपल्याला ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न प्रथम विचारावा. एक प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे : मराठीचा पहिला शिलालेख कोणता? येथून दोनेक तासांच्या वाटेवर, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळींना तो मान पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी कुलाबा जिल्ह्यातील (आताच्या रायगडमधील) अक्षीच्या लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा लावला, आणि त्या वाचनावरही मतभेद झाले. जे यंत्र एकच नाव ठासून सांगते त्याला मी कमी गुण देईन. जे वाद सांगून मूळ लेखनापर्यंत नेते त्याला अधिक.

मात्र यंत्राला दोष देताना आपल्या कपाटाकडेही पाहावे. १९६९ मध्ये याच शहरात भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. आपल्या भाषांचे मजकूर संगणकासाठी गोळा करण्याचे काम तेथे होत आले आहे. आपल्या मंडळाचे अहवाल, स्मरणिका, नाटकांची हस्तपत्रके मात्र कुलपात आहेत. येथे मराठी माणसे कशी राहिली, त्यांनी कोणते गणेशोत्सव केले, मुलांना घरी मराठी कशी शिकविली, हे त्या कागदांखेरीज कोठेही नाही. उद्या कोणी विचारील तेव्हा अत्युत्तम यंत्रही गप्प बसेल, किंवा काहीतरी रचून सांगेल. दुसरी शक्यता मला अधिक भिववते.

म्हणून तरुण मित्रांना माझी विनंती अशी : सुट्टीच्या दिवसांत हे अंक टंकून काढा. नुसती छायाचित्रे नकोत; अक्षरे युनिकोडमध्ये हवीत. हयात माणसांविषयीचा मजकूर त्यांना विचारूनच घ्या. आणि प्रत्येक लेखाच्या माथ्यावर गावाचे नाव तिन्ही परींनी घाला : आपले म्हैसूर, हिंदीतले मैसूर, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजी कागदांतही आलेले मैसूरु.