चला, एकमेकांना रेखाटू या



देवाचे नाव घरी एकट्यालाही घेता येते. तरी माणसे भजनाला जमतात. जोर-बैठका घरीही काढता येतात; तरी गडी तालमीत जातो. का? तर ठरलेल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहत असते, म्हणून. एकटा माणूस चार दिवसांत कंटाळतो. सोबत असली की वर्ष निघून जाते. चित्रकला मात्र एकट्याने कोपऱ्यात बसून करायची गोष्ट, असे आपण का कोण जाणे ठरवून टाकले आहे. निदान माणसाचे चित्र काढण्याचा सराव तरी तालमीसारखाच आहे. तो चौघांनी मिळून, ठरल्या वारी, ठरल्या वेळी करावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्याकडे मुले एलिमेंटरीला बसतात, इंटरमिजिएटला बसतात, चांगल्या श्रेणीत उत्तीर्णही होतात. पण परीक्षा झाली की रंगपेटी फळीवर जाते. त्याच मुलाला सांगा, ‘तुझा बाप पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो ना, त्याचे चित्र काढ.’ मुलगा गोंधळतो आणि कुठे नमुना मिळतो का ते शोधू लागतो. बाप रोज डोळ्यांसमोर आहे, पण तो पाहिलेला नाही; पाहिले आहे ते फळ्यावरचे आणि पुस्तकातले चित्र. शिक्षकाची अडचण वेगळीच. शाळेत चित्रकलेचा शिक्षक बहुधा एकच. आपले काम दाखवायचे कोणाला आणि दुसऱ्याचे पाहायचे कुठे? वर्षानुवर्षे तोच आंबा, तोच माठ फळ्यावर काढून चांगला हात आखडून जातो. हे नुकसान कुठल्या वहीत नोंदले जात नाही, पण ते होते.

एकत्र बसून माणूस रेखाटण्याची रीत जुनी आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात १५८२ च्या सुमारास कार्राच्ची घराण्यातल्या तिघांनी, म्हणजे दोन भाऊ आणि त्यांचा एक चुलतभाऊ यांनी, चित्रकारांची एक शाळा काढली. भावांचा बाप शिंपी होता आणि चुलतभावाचा खाटीक. प्रत्यक्ष माणूस समोर ठेवून रेखाटणे हा या मंडळींचा नित्याचा सराव. त्यांच्यातल्या आन्नीबालेने गावातले फेरीवाले, मजूर, कारागीर रेखाटले. त्यावरून केलेली ऐंशी चित्रे त्याच्या मृत्यूनंतर, १६४६ साली छापली गेली.

लंडनमध्ये १७३५ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने अशीच एक शाळा नव्याने उभी केली. आधीच्या शाळा का मोडल्या याचा त्याने विचार केला होता. चारदोन जण मोठेपणा घेऊन बसतात आणि बाकीचे निघून जातात, असे त्याला दिसले. म्हणून त्याने नियम केला की वर्गणी सर्वांची सारखी आणि मतही सर्वांचे सारखे. ती शाळा सुमारे तीस वर्षे चालली. अमेरिकेत न्यूयॉर्कला १८७५ साली तिथल्या अकादमीचे वर्ग बंद पडण्याची चिन्हे दिसताच विद्यार्थ्यांनी स्वतःच जमून ‘आर्ट स्टुडंट्स लीग’ काढली. ती आजही चालू आहे. पुढे तिथेच निकोलाइडीस नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांकडून झटपट रेखाटने करून घेत. अवयव मागाहून, आधी तो देह काय करतो आहे ते पकडा, असा त्यांचा आग्रह. त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९४१ साली निघाले आणि अजूनही वाचले जाते.

आपल्याकडेही उदाहरण आहे. कोल्हापूरचे धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकायला गेले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. त्यांनी काढलेल्या लुगड्यातल्या बायका पाहा. निऱ्या नुसत्या सुंदर दिसतात असे नाही. त्या निऱ्यांच्या आत पाय कुठे आहे, भार कशावर आहे, हेही कळते. असे हात नमुने गिरवून तयार होत नसतात.

आता तुम्ही म्हणाल, हे शहरातले झाले. आमच्या गावात काय करावे? सांगतो.

सहा-आठ जण जमवा. शिक्षक, मोठी मुले-मुली, बोर्ड रंगवणारा, मूर्ती घडवणारा कुंभार, ज्याला हौस असेल तो. आठवड्यातला एक वार धरा आणि एक तास. जागा शाळेची ओसरी किंवा देवळाचा मंडप. कागद पाठकोरे चालतात. कोळशाने काढायचे तर जुने वर्तमानपत्रही चालते. बारीक काड्या डब्यात भरा, झाकणाला एक भोक ठेवा आणि डबा विस्तवात भाजा. रेखाटनाचा कोळसा घरीच तयार होतो.

माणूस बसवायचा कोण? आपल्यातलाच, पाळीपाळीने, नेहमीच्या कपड्यांत. याचा एक गुण बघा. जो एकदा पाच मिनिटे एका पायावर भार देऊन उभा राहिला, त्याला कंबर कुठे चढते आणि खांदा कुठे उतरतो हे सांगावे लागत नाही. ते त्याच्या अंगाला कळलेले असते.

पहिली दहा रेखाटने एकेका मिनिटाची. या मिनिटात नाक-डोळे काढायचे नाहीत. पाटी उचलणे, वाकून कापूस वेचणे, दोरी ओढणे, असे काहीतरी करताना बसणाऱ्याने थांबावे आणि तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत तो झोक एका दमात कागदावर आणावा. हात मनगटातून नव्हे, खांद्यातून चालवा. रबर घरी ठेवा. मग पाच-पाच मिनिटांची चार. यात भार बघायचा. गवंड्याचा ओळंबा तुमच्या ओळखीचा आहेच. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडला, तर तो भार घेणाऱ्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो. तुमच्या चित्रात तो दुसरीकडे उतरत असेल, तर तुमचा माणूस पडणार! शेवटी एकच, वीस मिनिटांचे. इथे मापे घ्या. हात ताठ धरून पेन्सिलीवर डोक्याची उंची मोजा. मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा भरतो, तान्हे मूल चार डोक्यांचे. वीस मिनिटांपेक्षा जास्त कोणाला अडकवू नका. मध्ये उठायचे झाले तर पावलांभोवती खडूने खूण करा, म्हणजे परत त्याच जागी उभे राहता येते.

तास संपला की सगळे कागद भिंतीशी ओळीने लावा. माझ्या मते खरे शिक्षण इथे होते. माणूस एकच, पण आठ जण आठ बाजूंना बसलेले. म्हणून आठ कागद आठ तऱ्हांचे. इथे कोणाला कोणाचे पाहून काढताच येत नाही, कारण शेजाऱ्याला दिसलेला खांदा तुम्हाला दिसलेलाच नसतो. शिक्षकांनो, मुलांची नक्कल करण्याची सवय मोडायला यापेक्षा सोपा उपाय नाही. तिथे दोन नियम पाळा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कागदाविषयी एक खरी गोष्ट सांगावी; ‘छान आहे’ ही खरी गोष्ट धरू नये. आणि कोणीही, गुरुजींनीसुद्धा, दुसऱ्याच्या रेघेवर आपली रेघ मारू नये. तुम्हीही मुलांबरोबर बसून काढा आणि तुमचाही कागद त्याच ओळीत लावा. तो सर्वांत चांगला निघेलच असे नाही. निघाला नाही तरी बिघडत नाही. गुरुजी अजून शिकताहेत हे मुलांना दिसले, तर तो धडा लहान नव्हे.

पुढे बाजाराच्या दिवशी वही घेऊन जा. पण तिथे माणसाला आधी विचारा आणि काढलेले चित्र त्याला दाखवा. ज्याने तुमच्यासाठी कामातली पाच मिनिटे दिली, त्याचा तो हक्क आहे. बाईमाणसाची नाखुशी दिसली तर वही मिटा.

सगळेच चित्रकार होतील का? नाही होणार. पण जो मुलगा वर्षभर दर आठवड्याला माणूस पाहत आला, त्याला ओझे उचलणाऱ्याचा कणा कसा वाकतो हे ठाऊक असेल. आपल्या घरात, आपल्या शेतात कोण किती भार घेऊन उभे आहे, हे त्याला दिसू लागेल. चित्र बरे आले न आले, हे दिसणे त्याच्याजवळ राहील.

तेव्हा येता शनिवार धरा, किंवा तुमच्या गावाच्या सोयीचा दुसरा एखादा वार. पहिल्या दिवशी तिघेच आले तर तिघांनी बसा. एकाने उभे राहावे, दोघांनी काढावे.