खोली कुणाच्या नावावर?

(कळवण येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या मेळाव्यांत हुंडा, मारहाण, पोटगी, दारू, रेशन यांवर ठराव होतात. भाड्याच्या खोलीवर ठराव झालेला मला आठवत नाही. प्रश्न किरकोळ वाटतो ना? मग या मांडवात भाड्याच्या घरात राहणाऱ्या किती जणी आहेत, जरा हात वर करा. आता ज्यांच्या स्वतःच्या नावाने करार किंवा पावती आहे, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती हात खाली आले. त्या खाली आलेल्या हातांबद्दल मला बोलायचं आहे.

कळवण म्हणजे तालुक्याचं गाव. इथे कॉलेज आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, एस.टी.चा डेपो आहे, कांद्याचा बाजार आहे. त्यामुळे दळवट, कनाशी, जयदरकडून आणि शेजारच्या सुरगाणा तालुक्यातूनही मुली शिकायला येतात. नर्सबाई, आश्रमशाळेच्या शिक्षिका बदलीवर येतात. नवऱ्याने टाकलेल्या बाया मुलांच्या शाळेसाठी येतात. सगळ्यांना आधी लागते ती खोली.

कुणी म्हणेल, रोज जाऊन-येऊन करा. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत आहे. त्या पासाने कितीतरी मुली शाळेत टिकल्या. बारावीनंतर तो संपतो. मार्च 2023 पासून बायांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं, हेही चांगलंच. पण पाड्यावरून सकाळच्या तासाला पोचवणारी गाडीच नसेल, तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? प्रात्यक्षिक संपेपर्यंत परतीची गाडी निघून जाते. मग घरचे म्हणतात, 'एकटी खोली करून राहणार? नको. बस झालं शिक्षण.' शाळा सोडल्याच्या दाखल्यावर खोली मिळाली नाही असं कारण कुणी लिहीत नाही. म्हणून हा प्रश्न मोजलाच जात नाही.

सरकारी वसतिगृहं आहेत, पण जागा मोजक्या. जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वयंम योजना आली. निवास आणि जेवणाचे पैसे मुलीच्या खात्यात जमा होतात. योजना चांगली आहे. पण पैसे हप्त्याने येतात आणि घरमालकाला भाडं दर महिन्याला लागतं. शिवाय खात्यात पैसे असले म्हणून दार उघडतंच असं नाही.

ते दार कसं उघडतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी नोकरीसाठी या गावात आले तेव्हा माझं वय चौतीस, पगार महिन्याच्या महिन्याला. पाच घरं पाहिली. पाचही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, 'मिस्टर कुठे असतात?' मी वेगळी राहते म्हटल्यावर एका घरी खोली तेवढ्यात 'पाहुण्यांसाठी ठेवलेली' निघाली. दुसऱ्या घरी आडनावावरून जात कळेना, म्हणून गाव विचारलं, मग गावातली आळी विचारली. शेवटी एके ठिकाणी जमलं, पण करार माझ्या धाकट्या भावाच्या नावाने करायची अट पडली. तो तेव्हा वीस वर्षांचा, नाशकात शिकत होता आणि त्याचा खर्च मीच करत होते. भाडं मी भरायची, डिपॉझिट माझं, सही त्याची! पुढे पाण्यावरून वाद झाला तेव्हा मालक मला म्हणाले, 'तुमचा काय संबंध? भाडेकरू तुमचा भाऊ.' आठ दिवसांत खोली सोडावी लागली. डिपॉझिट मागायला माझ्याकडे एक कागद नव्हता.

मुलींची गत याहून वाईट. सातच्या आत खोलीत. भाऊ आला तरी ओट्यावरूनच बोलायचं. मालक हवं तेव्हा आत येऊन 'पाहणी' करणार. आपला सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात. चैत्रात, नवरात्रात इथूनच माणसं देवीला जातात आणि खोली मागायला आलेल्या मुलीला दार अर्धं उघडून बोलतात.

इथे घरमालकिणीचाही विचार करा. तीही बाईच. कितीदा ती विधवा असते, दोन खोल्यांच्या भाड्यावर तिचं घर चालतं आणि घर मात्र दिराच्या किंवा मुलाच्या नावावर. भाडेकरू घर बळकावेल ही तिला भीती, गाव बोलेल ही त्याहून मोठी भीती. तिला शत्रू समजून हा प्रश्न सुटणार नाही. लेखी करार तिचंही रक्षण करतो, हे तिला समजावून सांगायला हवं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, तो 31 मार्च 2000 पासून अमलात आला. लेखी आणि नोंदवलेला करार, भाड्याची पावती, आधी कळवूनच खोलीची पाहणी, पाणी-वीज तोडायला बंदी, हे सगळं त्यात आहे. हा कायदा परिशिष्टात दिलेल्या गावांना-शहरांनाच लागू होतो. पण करारात याच अटी लिहून घ्यायला कुठल्याही गावात कुणाची हरकत नाही. अस्पृश्यता पाळून राहायला जागा नाकारणं 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि घरातून हाकलल्या गेलेल्या बाईसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे. ते शक्य नसेल तर तशीच दुसरी जागा द्या, नाहीतर भाडं भरा, असा आदेश न्यायालय नवऱ्याला देऊ शकतं. पोटगीच्या अर्जात आपण हे मागायचंच विसरतो.

आपल्या शेजारीच, चांदवडला, 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. लाखोंनी बाया जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करण्याचं पाऊल उचललं गेलं. जमिनीच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागू शकतं, तर भाड्याच्या पावतीवर का नाही?

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. एक, मंडळाने मराठीत दोन पानी करारनामा छापून घ्यावा आणि साक्षीदार म्हणून आपल्यातल्या दोघींनी सही करावी. दोन, भाडं रोख दिलं तरी पावती घ्यायची, आणि जी राहते तिच्याच नावाने. तीन, मुलींना खोल्या देणाऱ्या घरांची यादी आपण करू. चांगल्या घरमालकिणींचीही नावं त्यात मानाने घालू. चार, प्रकल्प कार्यालयाकडे हप्ता वेळेवर मागू आणि नोकरदार बायांच्या वसतिगृहाची जी केंद्राची योजना आता 'सखी निवास' नावाने चालते, ती कळवणसाठी मागू.

येत्या जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश सुरू होतील. पाड्यावरून एखादी मुलगी पत्र्याची पेटी घेऊन डेपोत उतरेल. तिला घरं दाखवायला आपल्यापैकी कोण जाणार, त्यांची नावं आज इथेच, उठण्यापूर्वी लिहून घेऊ या.