घोड्यांची शाळा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी डॉक्टर, वकील, इंजिनियर अशा विद्वान मंडळींची भाषणे होतात. यंदा चिटणीसांनी मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकास उभे केले आहे. विषय मीच निवडावा अशी त्यांची आज्ञा होती. मी ‘घोडा’ असे सांगताच त्यांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. तेव्हा या विषयाचा दोष सर्वस्वी माझा आहे, हे प्रारंभीच कबूल करतो.

माझी कन्या व जावई नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे असतात. सन २०२३ च्या मे महिन्यात मी त्यांजकडे गेलो होतो. एके सकाळी मुलीने मला एका शाळेत नेले. ती शाळा घोड्यांची. तिचे नाव ‘स्पॅनिश रायडिंग स्कूल’. तेथील घोड्यांचे पूर्वज स्पेनमधून आणलेले, म्हणून हे नाव. १७२९ ते १७३५ या काळात बांधलेले तिचे सभागृह एखाद्या देवालयासारखे शुभ्र आहे. वर झुंबरे, खाली वाळू, आणि एका टोकास सम्राट सहावा कार्ल याची तसबीर. आत येणारा प्रत्येक स्वार डोक्यावरची टोपी काढून त्या तसबिरीस वंदन करतो. त्यानंतर काम सुरू होते. संगीत मंद चालू असते, परंतु स्वाराच्या तोंडून शब्द म्हणून ऐकू येत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य घालविलेल्या माणसास त्या शांततेचे किती नवल वाटले असेल, हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

या घोड्यांच्या जातीस लिपिझानर म्हणतात. आजच्या स्लोव्हेनियात लिपित्सा नावाचे गाव आहे. तेथे हॅब्सबर्ग घराण्यातील आर्चड्यूक कार्ल याने १५८० मध्ये घोड्यांची पैदास सुरू केली. शिंगरू जन्मते ते काळे किंवा तपकिरी, आणि सहा ते दहा वर्षांत हळूहळू पांढरे होते. क्वचित एखादे गडदच राहते. तसा एक घोडा शुभ म्हणून शाळेत मुद्दाम ठेवण्याची तेथे प्रथा आहे. पाश्चात्त्यांनाही शकुन-अपशकुन आहेत, हे पाहून मला जरा बरे वाटले.

या जातीच्या चाहत्यांचा समाज मोठा आहे. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, हंगेरी, क्रोएशिया, स्लोव्हाकिया, रुमानिया आणि बोस्निया-हर्झेगोविना या आठ देशांनी मिळून मांडलेल्या या अश्वपैदाशीच्या परंपरेस युनेस्कोने २०२२ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. एकमेकांशी लढलेली ही राष्ट्रे घोड्याच्या पायी एका कागदावर सह्या करतात! वंशावळ ठेवण्यात हे लोक आपल्यासही मागे टाकतील. मूळ नरांच्या प्लुटो, कॉन्व्हर्सानो, फाव्होरी, नेआपोलितानो, सिग्लावी आणि माएस्तोसो अशा सहा शाखा ते मानतात. प्रत्येक नर घोड्याच्या नावात आधी पित्याची शाखा आणि मागोमाग मातेचे नाव असते. आपल्या वधूवर सूचीत आईकडील माहितीस एका ओळीचीही जागा मिळत नाही, याची मला तेथे आठवण झाली. सूची-समितीने राग मानू नये.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. घोडा कितीही थोर वंशाचा असो, त्याने व्हिएन्नाच्या शाळेत काम करून स्वतःस सिद्ध करावे, आणि मगच त्यास पीबर येथील पागेत पैदाशीसाठी घ्यावे, असा तेथील दंडक आहे. वंशावळीवर निम्मीच परीक्षा उतरते. राहिलेली निम्मी शिक्षणावर.

आता त्या शिक्षणाच्या ग्रंथांकडे वळतो. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. घोड्याजवळ रागाने कधी जाऊ नये, आणि मारून करविलेले काम त्यास समजत नाही, असे त्याचे मत आहे. एवढे शहाणपण लिहून ठेवलेले असताना पुढची माणसे ते विसरली. १५५० मध्ये नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने याचे पुस्तक निघाले. हट्टी घोड्यासाठी त्यात सांगितलेल्या शिक्षा वाचवत नाहीत, आणि तरीही त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, अनेक भाषांत ते गेले. त्यानंतर फ्रान्सचा प्ल्युव्हिनेल आला. तेराव्या लुईचा तो अश्वविद्येचा गुरू. त्याचा ग्रंथ बालराजाशी केलेल्या संवादाच्या रूपात आहे. चाबूक कमी आणि थोपटणे अधिक, हे त्याचे धोरण. पुढे १७३३ मध्ये गेरिनिएर याचा ग्रंथ आला, आणि व्हिएन्नाची शाळा आजही त्याच ग्रंथास आपला पाया मानते.

गंमत अशी की, एवढी ग्रंथसंपदा असूनही या शाळेने स्वतः फार थोडे लिहिले. १८९८ मध्ये शिक्षणाची काही सूत्रे लेखनिविष्ट झाली, तीही अगदी थोडक्यात. बाकी सारी विद्या एकाने दुसऱ्यास दाखवावयाची. नव्या उमेदवारास रिकीब नाही, लगाम नाही; पूर्ण शिकलेल्या वृद्ध घोड्यावर त्यास बसवितात आणि तो घोडा लांब दोरीने गोल फिरवितात. (घोडा असा फिरविण्यास आपली जुनी माणसे कावा देणे म्हणत.) असे कित्येक महिने चालते. म्हणजे वृद्ध घोडा तरुण माणसास शिकवितो, आणि पुढे तोच माणूस प्रौढ होऊन तरुण घोड्यास शिकवितो. घोड्याचे शिक्षण वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास सुरू होते व सहा वर्षे चालते; स्वारास त्याहूनही अधिक काळ लागतो. १९३९ ते १९६४ या काळात शाळेचे प्रमुख असलेले आलोइस पोदहाय्स्की यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकास ‘माझे घोडे, माझे शिक्षक’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. हे गृहस्थ १९३६ च्या ऑलिंपिकमधील पदकविजेते. मे १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, त्यांनी अमेरिकन सेनापती पॅटन यांजपुढे घोड्यांचे काम करून दाखविले आणि शाळेस संरक्षण मागून घेतले.

त्या सकाळी मी जे पाहिले ते आता सांगतो. एक तरुण घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून, मागील पायांवर वाकून क्षणभर स्थिर राहण्याचा धडा शिकत होता. दोनदा त्याने नुसतीच मान झटकली. तिसऱ्या वेळी तो मागे सरकला. मी मनात म्हटले, आता बसतो एक फटका; कारण स्वाराच्या हाती काठी होतीच, बर्च झाडाची साधी फांदी. परंतु स्वाराने लगाम सैल सोडला, घोड्यास संथपणे दोन फेऱ्या चालविले, त्यास येत असलेले एक सोपे पाऊल करवून घेतले, मग अंगरख्याच्या मागील खिशातून साखर काढून त्याच्या तोंडाशी धरली, आणि त्या दिवसाचा धडा तेथेच संपविला. न येणारा धडा त्या दिवशी पुन्हा काढलाच नाही.

आपल्या देशातही ही विद्या होती. शालिहोत्र ऋषींच्या नावावर अश्ववैद्यक आहे. त्यांच्याच नावावरून घोड्याच्या वैद्यास साळोतरी म्हणू लागले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात घोड्यांना शिकविण्याचा भाग आहे. आणि घोड्यास वळण लावणाऱ्या माणसास मराठीत शब्द कोणता? चाबुकस्वार! आमच्या व्यवसायातही शिक्षक म्हटला की छडी आलीच.

बंधू-भगिनींनो, ती छडी मीही वापरली. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्यास जोडाक्षरे वाचता येत नसत. मी त्यास रोज उभा करी, रोज तोच धडा काढी, आणि अडला की हातावर मारी. काही दिवसांनी तो वाचेनासा झाला. उभा राही आणि खाली पाही. त्यास शिस्त लागली असे मी समजलो. वार्षिक तपासणीच्या वेळी ‘हा मुलगा फार शांत आहे’ असे मी अभिमानाने सांगितल्याचेही मला आठवते. अनेक वर्षांनी एस. टी. स्थानकावर तो मला भेटला. बरोबर त्याची लहान मुलगी होती. त्याने वाकून नमस्कार केला. ‘कसा आहेस?’ म्हणून मी विचारले, तर तो तसाच उभा, खाली पाहत. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘बाबा बरे आहेत.’ व्हिएन्नाच्या त्या गॅलरीत बसलो असता मला तो दिसत होता. मुलीने विचारले, ‘बाबा, डोळ्यांत पाणी का?’ मी म्हणालो, ‘वाळू उडाली.’

आता एक विनंती. माझ्या आजोबांच्या दारी एक घोडी होती, आणि तिच्या देखभालीसंबंधी त्यांनी मोडीत लिहिलेली एक वही होती असे वडील सांगत. ती वही हरवली. आपल्यापैकी कोणाच्या माडीवर, एखाद्या जुन्या पेटीत, घोड्याच्या निगेचे वा शिकवणीचे असे काही कागद पडून असतील, तर ते रद्दीत न घालता मंडळाच्या कचेरीत आणून द्यावेत. मला मोडी वाचता येते, आणि आता वेळही भरपूर आहे. त्यात चाबूक किती आणि गूळ किती, हे मला पाहावयाचे आहे.